दिवाळीचा नको, जूनचा हिशेब मांड

आवडीच्या कामावर पोट भरणाऱ्यांनी आणि भरू पाहणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात संपादकांनी छापलं आणि उत्तरं द्यायला मला बसवलं. मी नाशिकची. पंचवटीत तबल्याचा क्लास चालवते, साथीला जाते. समुपदेशक वगैरे नाही, त्यामुळे जे सांगेन ते डग्ग्या-तबल्यामागे बसून दिसलेलं. लांबलचक पत्रं छाटली आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो, साडेचार वर्षं झाली, कायम आहे. तबल्याची विशारद परीक्षा पास झालोय. मागच्या दिवाळीत आठवडाभरात एवढे कार्यक्रम मिळाले की महिन्याच्या पगाराइतके पैसे सुटले. पण शिफ्टमुळे रियाज होत नाही. मार्चमध्ये राजीनामा द्यायचं ठरवलंय. वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत, ते म्हणतात डोकं फिरलंय याचं. तुम्हीपण नोकरी सोडूनच तबल्यात आलात ना?
– सातपूर

उत्तर : हो, सोडली. पण कशी सोडली ते ऐक.

मी एका पतसंस्थेत कॅशच्या खिडकीवर होते. पहाटे रियाज, दिवसा नोटा, संध्याकाळी क्लास. कार्यक्रम कसे जातात यावरून मी नोकरीचा निर्णय कधी केलाच नाही. कार्यक्रम दिवाळीत सगळ्यांचेच चांगले जातात. पाडव्याच्या पहाटे नाशिकमध्ये चौकाचौकात मांडव असतो, एकेका तबलजीला दोन-दोन ठिकाणची बोलावणी असतात आणि बरा वाजवणारा घरी बसलेला सापडत नाही. त्या आठवड्यातल्या कमाईवरून वर्षाचा अंदाज बांधणं म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या बाजारावरून बारमाही आंब्याचं दुकान टाकण्यासारखं आहे.

तू जूनचा हिशेब मांड.

जूनमध्ये काय होतं सांगते. मे महिन्यात क्लासची मुलं मामाच्या गावी गेलेली असतात, त्यातली काही परत येतच नाहीत, कारण आता दहावी. जी येतात त्यांच्या घरी शाळेची फी, दप्तर, वह्या, रेनकोट असा सगळा खर्च एकदम आलेला. 'ताई, दोन महिन्यांची एकदम देते हं,' असं आई दारातून म्हणते आणि आपण 'असू दे, असू दे' म्हणतो. लग्नातल्या मैफली संपलेल्या, गणपती लांब. आणि नेमकी त्याच महिन्यात हवा ओली होते. पुडी, म्हणजे तबल्यावर ताणलेलं चामडं, ओल धरते, सूर उतरतो, हातोडी घेऊन कडेचे लाकडी गट्टे ठोकत बसावं लागतं, जुन्या पुडीवरची काळी शाई खपल्यांनी सुटायला लागते. म्हणजे आवक सगळ्यात कमी आणि पुड्या बदलायचा खर्च त्याच महिन्यात. असाच दुसरा खड्डा पितृपक्षाचा, पण तो पंधरवड्यात संपतो.

लागोपाठ दोन जून क्लासच्या फीवर घरखर्च निघाला, पगाराला हात लागला नाही, तेव्हा मी खिडकी सोडली. कार्यक्रमांचे पैसे त्या हिशेबात धरलेच नव्हते. आजही धरत नाही. ते आले तर तबल्याला, पुढच्या पुडीला, नाहीतर बँकेत.

आता तुझ्या बाबतीत. साडेचार वर्षं झाली म्हणतोस, मग मार्चची घाई कशाला? कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. सहा महिन्यांसाठी ते पैसे कंपनीकडे सोडून येणं हे कलाप्रेम नव्हे, हा नुसता तोटा आहे. पीएफला हात लावू नकोस. कंपनीचा मेडिक्लेम तू बाहेर पडशील त्या दिवशी संपतो, त्यामुळे स्वतःचा आरोग्य विमा आधी काढ, मग राजीनामा लिही. आपल्या धंद्यात मनगट हेच मशिन. बाईकवरून पडून हाताला प्लास्टर आलं की दीड-दोन महिने साथ नाही, आणि ती सिक लीव्ह द्यायला कुणी बसलेलं नाही.

पण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात कच्चं वाटलेलं वाक्य निराळंच आहे : नोकरी सोडली की रियाज होईल.

नोकरी सोडलेल्या तबलजीचा दिवस कसा जातो ते बघ. सकाळी इंदिरानगरला एका घरी शिकवणी, कारण त्या मुलीचे आजोबा क्लासला पाठवायला तयार नाहीत. दुपारी एखाद्या शाळेत स्नेहसंमेलनाची गाणी बसवायची. चार वाजता क्लास. दहा वर्षांची आठ मुलं 'धाधा तिट धाधा तिंना' आठ वेगवेगळ्या लयींत वाजवतात, ती लय एका ठिकाणी आणायची. मग सात ते नऊ कथकच्या क्लासमध्ये साथ. आठवड्याचे दिवस ठरलेले, पैसे महिन्याला वेळेवर, म्हणून कथकची साथ कुणी सोडत नाही. पण तिथं दोन तास तीनतालाचा ठेकाच द्यायचा असतो. बाई तोडा, म्हणजे नाचाचे बोल, पढतात, मुली चुकतात, पुन्हा समेपासून, पहिल्या मात्रेपासून. तू स्वतः बसवलेला वेगवान बोलांचा रेला तिथं चालत नाही. घरी येतोस तेव्हा बोटं चाललेली असतात, पण तुझं स्वतःचं काही वाजलेलं नसतं. शिफ्टवाल्यालाही हाच थकवा येतो. फरक इतकाच, की तो थकवा तबल्यानंच दिल्यामुळे त्याबद्दल तक्रार करायला तोंड राहत नाही.

हे ऐकून घाबरू नकोस. मला हे आयुष्य आवडतं, मी ते बदलून मागणार नाही. पण रियाजाची वेळ मी पतसंस्थेत असताना ठरवली, साडेचार ते सहा, आणि ती नंतर कुणालाही विकली नाही. साडेपाचला ऑनलाइन शिकवा, चांगली फी देतो, म्हणून परदेशातून विचारणा झाली होती, तेव्हाही नाही. तुझी पहिली शिफ्ट सात ते तीन असेल तर सहा महिने साडेतीन ते पाच दार लावून बस. नोकरीत असताना ते दार लावता येत नसेल, तर नोकरी सुटल्यावर तुला दार लावू देणारे लोक आणखी कमी होतील. तेव्हा दारावर गिऱ्हाईक असेल.

या सहा महिन्यांत संध्याकाळचा क्लास सुरू कर. दहा मुलं जमव आणि येत्या जूनमध्ये त्यातली किती उरतात ते मोज. विशारद आहेस, तेव्हा आकाशवाणीची ऑडिशन दे. बी ग्रेड मिळाली तरी बाहेरच्या आयोजकाला तुझ्याबद्दल दोन वाक्यं कमी सांगावी लागतात. आणि वडिलांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे जूनचा कागद ठेव. प्रेसमध्ये नोटा आणि तिकिटांच्या मोजणीत आयुष्य गेलेला माणूस, आकडे वाचेल.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. नवऱ्यानं तीन वर्षांपूर्वी जाहिरात कंपनीतली नोकरी सोडली, माहितीपट करायचे म्हणून. लासलगावच्या कांदा मार्केटवरचं त्यांचं काम सुरू आहे, संपत नाही. घराचा हप्ता, मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं माझ्या पगारातून. आता एडिटिंगसाठी पैसे कमी पडतायत, तर माझ्या पाटल्या गहाण ठेवायचं चाललंय. मी गप्प झाले, तर सासूबाई म्हणाल्या, 'दादासाहेब फाळक्यांच्या बायकोनं नाही का दागिने दिले!' काय बोलू?
– इंदिरानगर

उत्तर : नाशिकमध्ये राहण्याची ही एक शिक्षाच आहे. घरात कुणी कॅमेरा हातात घेतला की पांडवलेण्याखालच्या स्मारकापासून दादासाहेब चालत घरी येतात.

तेव्हा ती गोष्ट पुरी सांगू. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. त्यांनी १९१२ मध्ये स्वतःची विमा पॉलिसी तारण ठेवली, लंडनला जाऊन कॅमेरा आणि यंत्रं आणली, आणि ३ मे १९१३ ला मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, हे खरं. पण सासूबाईंनी पुढचं सांगितलं नाही. कोरी फिल्म तेव्हा कडेला भोकं न पाडलेली येत असे. ती भोकं सरस्वतीबाईंनी काळोखात बसून यंत्रावर पाडली. रसायनं कालवली. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, म्हणजे नटाच्या तोंडावर उजेड पडावा. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. त्या चित्रपटाचं काम करत होत्या, नुसत्या पाटल्या काढून देत नव्हत्या. त्या दागिन्यांचं पुढं काय होतंय हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होतं.

तुम्हाला दिसतंय का? तुमच्या पत्रात माहितीपट 'सुरू आहे, संपत नाही' इतकंच आहे. किती शूटिंग झालं, किती मिनिटांचा करायचा, एडिटिंगला नक्की कोण, किती दिवस, किती रुपये, यातलं काही नाही. मला वाटतं तुम्हाला ते सांगितलेलंच नाही. घरखर्च चालवणाऱ्या माणसाला हे विचारायचा अधिकार असतो, त्याला शंका घेणं म्हणत नाहीत. एका रविवारी चहा घेऊन दोघं बसा आणि जेवढं जोडून झालंय तेवढं बघायला मागा. नुसती वीस मिनिटं असली तरी चालतील. बघितल्यावर तुमचं मत बदलेल, कदाचित त्यांच्या बाजूनंही.

आणि गोष्टीचा शेवट सांगायचाच असेल तर तोही सासूबाईंना सांगा. नाशिकला येऊन फाळक्यांनी इतके चित्रपट काढले, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, भागीदारांशी पटेना म्हणून ते सोडून काशीला गेले, परत आले. बोलपट आले तसा मूकपटांचा बाजार उठला. १९३७ चा 'गंगावतरण' हा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच गेले, ते विपन्नावस्थेत. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारनं १९६९ मध्ये सुरू केला. पुरस्कारानं सरस्वतीबाईंच्या बांगड्या सुटल्या नाहीत.

माझं सरळ मत : पाटल्या देऊ नका. सोनं वाईट वेळेसाठी असतं, आणि घरात सासूबाईंची औषधं असताना ती वेळ सांगून येत नाही. त्याऐवजी नवऱ्यानं वर्षातले चार महिने जुन्या ओळखीनं जाहिरातीची, कंपन्यांच्या फिल्मची कामं करावीत आणि त्यातून एडिटिंग भागवावं. सातपूर-अंबडला यंत्रांच्या फिल्म करून घेणारे कारखाने कमी नाहीत. ते म्हणतील, मग कांदा मागे पडेल. पडू दे. तीन वर्षं पडलाच आहे की.

त्यांना कमीपणा वाटेल. त्यावर माझ्याकडे औषध नाही. मीही लग्नाच्या रिसेप्शनला, लोक पनीरच्या रांगेत उभे असताना, पाठ फिरवून बसलेल्या पाहुण्यांपुढे वाजवलं आहे. पैसे वेळेवर मिळाले होते.

प्रश्न : मुलगी यंदा दहावी झाली, ८८ टक्के. कथक करते, परीक्षांमध्ये मध्यमा पूर्ण झाली आहे. तिला आर्ट्स घेऊन नृत्यातच करिअर करायचंय. आम्ही दोघं सायन्स घे म्हणतोय. एवढे मार्क वाया घालवायचे का?
– आई, नाशिकरोड

उत्तर : मार्क वाया जात नाहीत, ते कुठं नासत नाहीत. पण आर्ट्स घेतलं म्हणजे नृत्याचं करिअर सुरू झालं असं तिलाही वाटत असेल, तर ते तसं नाही हे तिला सांगा.

आर्ट्सनं मिळतो तो वेळ. दुपारी बारा-एकला कॉलेज सुटतं, रात्री जर्नल पूर्ण करायचं नसतं. मी असते तर याच कारणासाठी आर्ट्स दिलं असतं. पुढे पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य घेऊन पदवी करता येते. घर सोडायचं नसेल तर इथं आपल्याच शहरात मुक्त विद्यापीठ आहे, पदवी तिथून आणि दिवस गुरूंकडे, असंही करणाऱ्या मुली आहेत.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तिनं सोडू नयेत. विशारद असेल तर शाळेत नृत्यशिक्षिका म्हणून अर्ज करता येतो, क्लास काढताना पालक आधी तेच विचारतात. मात्र विशारद झालेली प्रत्येक मुलगी नाचून जगते असं नाही. बहुतेक जणी शिकवून जगतात. हे वाक्य मुलीसमोर मोठ्यानं वाचा आणि तिचा चेहरा बघा. 'लहान मुलींना शिकवायला मला आवडेल' म्हणाली तर निम्मी काळजी मिटली. 'मी फक्त स्टेजवर नाचणार' म्हणाली तर तिला मुंबई-पुणं, ग्रुपमध्ये मागच्या रांगेत उभं राहणं, पदरचे पैसे घालून शिवलेले कॉश्च्युम, हे सगळं दाखवून आणा. तिच्या गुरूंना विनंती करा, एखाद्या दौऱ्यात पेट्या उचलायला घेऊन जा म्हणावं.

एक उपयोगाची गोष्ट : केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. आता तिचं वय बसत नाही, पण त्याला गुरूकडची सलग तालीम दाखवावी लागते, तेव्हा आत्तापासून कार्यक्रमांची पत्रकं, प्रमाणपत्रं, व्हिडिओ नीट ठेवा. आमच्या लोकांचं निम्मं नुकसान कागद हरवल्यामुळे होतं.

सायन्सबद्दल एवढंच म्हणेन, की तुमच्या पत्रात तिनं सायन्स का घ्यावं याचं कारण 'मार्क आहेत' याशिवाय दुसरं नाही.

प्रश्न : मी कीबोर्ड वाजवतो. एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाचे पैसे चार महिने अडकलेत. एचआर म्हणतो अकाउंट्सला विचारा, अकाउंट्स म्हणतं एचआरला. भांडलो तर पुढचं काम जाईल.
– सिडको

उत्तर : असलं पुढचं काम गेलेलं बरं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून ठेव, ती फुकट आणि ऑनलाइन होते. मध्ये पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून ये. नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे कंपनीनं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर व्याजासकट द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. या वेळी नोंदणी नसेल तर त्याचा फारसा जोर लागणार नाही, पण बिल आणि कार्यक्रम ठरल्याचा मेसेज जोडून दोघांना एकाच मेलवर लिही. एचआर आणि अकाउंट्स एकाच मेलमध्ये आले की टोलवाटोलवी अवघड जाते. भांडायची गरज नाही, गोड भाषेत लिही.

पुढच्या वेळी निम्मे पैसे आधी घे. 'आमच्यात ॲडव्हान्सची पद्धत नाही' म्हणतात ना? मांडववाला त्यांच्याकडून ॲडव्हान्स घेऊनच खांब रोवतो, त्याला विचार. उरलेले साउंड चेक झाल्यावर, कार्यक्रमाआधी. कार्यक्रम संपला की आयोजक हारतुऱ्यांत अडकतो आणि पाकीट ज्याच्या खिशात असतं तो माणूस जेवायला गेलेला असतो.

प्रश्न : मी एचएएलमधून, म्हणजे इथल्या विमानांच्या कारखान्यातून, निवृत्त झालो. लहानपणी तबला शिकायचा राहून गेला. आता ६१ व्या वर्षी बोटं वळतील का? की हसं होईल? शिकून दोन-चार भजनी मंडळांत वाजवावं, थोडं मानधनही मिळावं असं मनात आहे. आपल्याकडे फी किती?
– ओझर

उत्तर : बोटं वळतात. द्रुत, म्हणजे जलद लयीतला तिरकिट हा बोल तेवढा कष्टानं येतो, पण भजनी ठेक्याला तो लागत नाही. धुमाळी, केरवा, दादरा आणि भजनी ठेका एवढं हातात बसलं की गावातलं कुठलंही मंडळ तुम्हाला सोडणार नाही. गुडघ्यांचा विचार मात्र करा, मांडी घालून दोन तास बसावं लागतं. मी अशा विद्यार्थ्यांना ठेंगणं स्टूल देते. सुरुवातीला बायकोसमोर वाजवू नका, एवढंच.

मानधनाचं मनातून काढा. भजनी मंडळात नारळ, पंचा आणि पोटभर जेवण मिळतं. आणि एखाद्या मंडळानं तुम्हाला पैसे देऊ केले, तर आधी चौकशी करा की तिथं पूर्वी कोण वाजवत होतं. बऱ्याचदा तो पोटासाठी वाजवणारा एखादा तरुण असतो, आणि पेन्शनवाले फुकट वाजवतात म्हणून त्याला काढलेलं असतं. वर सातपूरचा जो मुलगा आहे ना, तोच.

फी बाकीच्यांइतकीच. निवृत्तांना सवलत नाही. जूनमध्ये तर अजिबातच नाही.